वडा नंतर आला, आधी चुराच होता : ठाण्याचा दडपलेला इतिहास

तलावपाळीचा टवाळ

मंडळी, पावात वडा दाबून झाला की गाडीवाला वरून चिमूटभर चुरा भुरभुरवतो. या चुऱ्याबद्दल आजवर एकाही इतिहासकाराने अवाक्षर काढलेलं नाही. वड्यावर लेख, पावावर लेख, चटणीवर तर भांडणं. चुऱ्याच्या वाट्याला फक्त "भाऊ, जरा जास्त टाका."

हा अन्याय दूर करण्यासाठी संस्थळावर हा चर्चेचा धागा काढतोय. सिद्धांत सरळ आहे. वडे तळताना चुरा पडतो ही समजूत उलटी आहे. मूळ पदार्थ चुरा. तो पाडायला एक अवजार लागायचं, त्याला पुढे लोक वडा म्हणू लागले आणि अवजारच खाऊ लागले.

पुरावा पहिला. पोर्तुगीजांनी १७३० साली ठाण्यात किल्ला बांधायला घेतला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हाही तो अर्धवटच होता. (हाच किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह.) सात वर्षांत पुरा का झाला नाही? शाळेत याचं उत्तर देत नाहीत. झालं असं की एका गवंड्याने चुन्याच्या घमेल्याला लागूनच बेसनाचं घमेलं ठेवलं. दुपारची वेळ, डोळ्यावर झापड. थापी चुकीच्या घमेल्यात गेली, तिथून झटकली ती थेट शेजारच्या तापलेल्या कढईत. शिंतोडे फुलून वर आले. एकाने खाल्ले, मग दुसऱ्याने. त्यानंतर भिंतीकडे कोणी फिरकलंच नाही. दगड होता, चुना होता, माणसंही होती, पण सगळी कढईभोवती. मराठे तटापर्यंत आले ते वासाच्या रोखाने.

धाग्याचा नियम एकच : सनावळी आणि स्थळं खरी हवीत, बाकी शुद्ध थाप. खोटं साल ठोकून देणाऱ्याने पुढच्या कट्ट्याला (म्हणजे प्रत्यक्ष भेटू तेव्हा) आपल्या पावातला चुरा शेजाऱ्याला द्यायचा.

नौपाड्याची नलू

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! तेल कुठलं होतं तेवढं सांगा, खोबरेल की तिळाचं? त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आणि आमच्या गजानन वडापावच्या पिवळ्या चटणीला या इतिहासात जागा आहे की नाही? तीही बेसनाचीच. माझ्या मते चुरा आणि ती चटणी सख्खी भावंडं. एकाला तेलात सोडलं, दुसरीला पाण्यात. म्हणून एक कुरकुरीत झालं आणि दुसरी मवाळ.

खडूस मास्तर

टवाळकी चालू द्या, पण वाचणाऱ्यांत लहान मुलंही असतात, म्हणून नोंद करून ठेवतो. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिकेचीच. दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आल्या. पावही त्यांनीच आणला. बटाटेवडा पावात घालून विकायची सुरुवात १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक कामगारांनी पोटासाठी वडापावच्या गाड्या टाकल्या आणि तो गल्लोगल्ली गेला. याला इतिहास म्हणतात. १७३० साली ठाण्यात वडापाव असणं शक्य नाही.

तलावपाळीचा टवाळ

मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो. माझ्या सिद्धांताचा पाया तुम्हीच भरून दिलात.

बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव बाहेरचा. तिन्ही बाजूला काढा. गाडीवर काय उरलं? बेसन, तेल, मीठ, हळद. हरभरा आपल्याकडे हजारो वर्षं पिकतोय. तेलबियाही आहेत. मीठ तर आपल्या खाडीकाठच्या मिठागरांतलंच. म्हणजे वड्याला बटाट्याच्या जहाजाची वाट बघत बसावं लागलं, चुऱ्याला कोणाचीच वाट बघायची नव्हती. वडापाव १९६६ चा, मान्य. चुरा कधीचा, ते सांगा ना!

खडूस मास्तर

यात कुठेतरी गोची आहे. संध्याकाळी सवडीने लिहितो.

ताम्रपटातला माणूस

मास्तर सवडीने लिहितील तोवर मी आणखी सातशे वर्षं मागे नेतो.

ठाणं म्हणजे कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचं श्रीस्थानक. अरिकेसरी या शिलाहार राजाचा १०१७ सालचा ताम्रपट ठाण्यातच जमिनीत सापडला. ताम्रपटात काय असतं? राजाची वंशावळ, बिरुदं, कोणाला कोणतं गाव दान दिलं, आणि दान मोडणाऱ्याला शाप. ते सगळं अभ्यासकांनी वाचलं. पण पत्रा हातात धरून उन्हात जरा तिरका केला, तर कोपऱ्यावर तेलकट बोटाचा ठसा दिसतो. अभ्यासक त्याला गंज म्हणतात. म्हणोत बापडे. दान चालू असताना कारकून काय खात होता ते आम्हाला कळलं.

पुढे तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचं वर्णन केलं. त्यात इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी झालेला एक करार आहे : लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. हे मी रचलेलं नाही, खरंच तसं आहे. आता विचार करा. त्या काळी अरबस्तानातून येणारा घोडा म्हणजे केवढी मौल्यवान चीज. ती चाचे बिनबोभाट सोडून देतात? हा "बाकीचा माल" होता तरी काय? मार्को पोलो गप्प आहे. आपण सुज्ञ आहोत.

नौपाड्याची नलू

"बाकीचा माल" वाचून चहा नाकात गेला.

डोंबोलीकर

ठाणेकरांनी सगळा इतिहास स्वतःच्या नावावर करून घेतला की जरा आमच्याकडेही बघा.

१९१६ साली ठाण्यापुढचा पारसिकचा रेल्वे बोगदा सुरू झाला. किलोमीटरहून लांब, डोंगर आरपार. गाड्या आधीही येत होत्याच, मुंब्र्याच्या बाजूने वळसा घालून. मग एवढा डोंगर फोडायची गरज काय? रेल्वेचे कागद सांगतात की वळण वाचावं, वेळ वाचावा म्हणून. चुकीचं. त्या वळशात चुरा मऊ पडायचा. ठाण्याला कागदात बांधला की कुरकुरीत, कळव्यापुढे दमट, दिव्याला पोचेपर्यंत लगदा. आमच्या पूर्वजांनी निवेदन दिलं की एकतर ठाण्याची चुऱ्याची गाडी डोंबिवलीला हलवा, नाहीतर सरळ रस्ता द्या. डोंगर फोडणं स्वस्त पडलं.

२०२२ साली फास्ट लोकल दुसऱ्या मार्गावर गेल्या, तोवर गाडी बोगद्यात शिरली की दारातला माणूस एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पुडी गच्च धरायचा. ही परंपरा होती.

तलावपाळीचा टवाळ

डोंबोलीकर, बोगद्याबद्दल सलाम. पण रेल्वेचा विषय काढलात तर मुळापासून घ्या.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. इंजिनं तीन : साहिब, सिंध आणि सुलतान. चौतीस किलोमीटरच्या सपाट रस्त्याला तीन इंजिनं? आज एक मोटरमन बारा डब्यांत चारशेच्या कैकपट माणसं कोंबून तोच रस्ता रोज पार करतो.

उत्तर परतीच्या प्रवासात आहे. येताना माणसं होती. जाताना माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर पुडा. साहिबने माणसं ओढली, सिंधने पुडे ओढले. सुलतान नुसता मागे राहिला, सांडलेलं वेचायला.

आणि पहिली गाडी ठाण्यालाच का? पुढे घाट चढून दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा होता म्हणून, असं पुस्तकात असतं. कापूस! ज्याला आयुष्यात कधी ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला संध्याकाळी उतरून कुंजविहारच्या वडापावसमोरून उपाशीपोटी जायची वेळ आली आहे, त्याने कापूस म्हणून दाखवावं.

वाशी सेक्टर सतरा

आम्ही नवी मुंबईवाले कालचे म्हणून कोणी विचारत नाही. पण नियोजनबद्ध चुरा हे फक्त आमच्याकडेच.

नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. कोऱ्या कागदावर शहर आखायचं होतं. विकास आराखड्यात राहण्याच्या जागा पिवळ्या रंगाने दाखवतात, नकाशा उघडून कोणीही बघावा. लोक समजतात तो संकेत आहे. तो संकेत नाही. नकाशाच्या टेबलावर दुपारचं खाणं झालं आणि वर कोणीतरी हात ठेवला. साहेब आले, बघतात तर ठिकठिकाणी पिवळं. म्हणाले, छान, इथे माणसं राहतील. जिथे लाल चटणी पडली तिथे काय आलं ते सांगत नाही, कज्जे व्हायचे.

आणि तुमच्या कढईत पडणारा बटाटा आधी कुठे उतरतो? आमच्या कांदा-बटाटा मार्केटात. ठाण्याने जास्त बोलू नये. पहाटे गोणी आम्ही रोखून धरली तर अकराला तुमची गाडी बंद.

तलावपाळीचा टवाळ

बटाटा रोखाच. चुऱ्याला बटाटा लागत नाही, हाच तर धाग्याचा विषय आहे.

ऐरोलीची अग्निपंख

खाडी कोणाच्या लक्षातच नाही.

ठाणे खाडीत दरवर्षी हजारोंनी रोहित (फ्लेमिंगो) येतात. २०१५ साली अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. पक्षीनिरीक्षक सांगतात की शेवाळ आणि बारक्या जिवांतल्या रंगद्रव्यांमुळे यांची पिसं गुलाबी होतात. पिल्लू जन्मतः करडं असतं, खाऊन खाऊन गुलाबी होतं. इथवर विज्ञान.

आता ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला दुर्बीण लावून बघा. रोहित खातो कसा? मान खाली, चोच उलटी, पाणी आत घेतो, गाळतो, बाहेर टाकतो, आत उरतो तो बारीक खाऊ. हे झाऱ्याचं काम आहे हो! अख्ख्या प्राणिसृष्टीत तोंडातच झारा घेऊन जन्मलेला पक्षी, आणि तो नेमका ठाण्याच्या खाडीतच येऊन उभा राहतो. गुलाबी रंग लसणाच्या लाल चटणीचा. ज्यांना चटणी कमी पडली ते फिके राहतात. कच्छवरून येणारे येताना फिके दिसतात म्हणे, त्याचं कारण मी गुजराती मंडळींसमोर काढणार नाही.

ताम्रपटातला माणूस

तोंडातच झारा! ताईंना या महिन्याचा चुरा माझ्यातर्फे.

खडूस मास्तर

सवड मिळाली. गोची सापडली ती अशी. बेसन, तेल आणि मीठ होतं म्हणून लोक चुराच करत होते हे सिद्ध होत नाही. त्याच साहित्यात भजी होतात, शेव होते, बुंदी होते. जो कोणी पीठ भिजवून तेल तापवेल तो खाण्याजोगा मोठा तुकडा तळेल. चिमटीत मावणारे कण मुद्दाम कोण तळत बसेल? चुरा हा कायम कशाचा तरी उरलेला भाग असतो. आधी मोठं, मग उरलेलं. तुमचा सिद्धांत इथे झोपतो.

तलावपाळीचा टवाळ

आक्षेप दमदार आहे. कोणी जाणकार आहे का?

झारेकरी

नमस्कार. वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. आमची गाडी आहे, स्टेशनापासून जरा आत. वडील बसतात, संध्याकाळच्या गर्दीला मी.

आधी मास्तरांचा मुद्दा, कारण जुन्या पद्धतीत तो बरोबरच आहे. बटाट्याचा गोळा पिठात बुडवून बोटांच्या टोकांवर उचलला की बोटांतून पीठ गळतं. वडा कढईत सोडताना त्याच्या मागे शेपटी येते, ती तुटते, चार थेंब इकडेतिकडे उडतात. हे सगळं तेलावर तरंगतं. घाणा निघाला की झाऱ्याने ते गाळून काढावंच लागतं. राहिलं तर करपतं, तेल काळं पडतं, पुढच्या घाण्याच्या वड्यांवर काळे ठिपके येतात आणि कडवट लागतं. म्हणजे चुरा काढायचा तो तेल वाचवायला. खायचा म्हणून नाही.

काढलेला टाकायचा कशाला, म्हणून वडील तो सुक्या चटणीत घालायचे. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ आणि चुरा, सगळं एकत्र कुटायचं. चुऱ्यामुळे चटणी मोकळी राहते, लसणाचा ओलेपणा तो ओढून घेतो. बाहेर खाता त्या बऱ्याच सुक्या चटण्यांत तो असतो. तुम्हाला नुसतं खोबरं वाटत असतं.

मग गिऱ्हाईक मागायला लागलं. आधी शाळेतली पोरं, मग ऑफिसवाले, मग सगळेच. आता वड्यांचा पडलेला चुरा पुरत नाही. तेव्हा दोन घाण्यांच्या मधे आम्ही काय करतो ऐका. उरलेल्या पिठात पाणी घालून ते अजून सैल करतो, आणि हात उंच धरून बोटांनी कढईवर शिंपडतो. दुसरं काही नाही, नुसतं पीठ. अख्खी कढई पिवळी होते, फेस येतो, फेस बसला की झाऱ्याने उचलायचं.

म्हणजे मास्तर, चिमटीत मावणारे कण मुद्दाम कोण तळत बसेल म्हणालात ना, मी बसतो. रोज.

तलावपाळीचा टवाळ

उठा मंडळी, उभं राहून टाळ्या.

खडूस मास्तर

हे झालं आजचं. आजचं व्यवहारात दिसतं म्हणून १०१७ सालचं सिद्ध होत नाही. माझा आक्षेप राखून ठेवतो. बाकी, झारेकरी, गाडी नक्की कुठल्या गल्लीत आहे? संशोधनासाठी विचारतोय.

वाशी सेक्टर सतरा

मास्तर घसरले!

झारेकरी, एक घरगुती शंका. आमच्याकडे बायको म्हणाली, सोपं आहे, करून बघू. कढईत पीठ शिंपडलं तर सगळं एकमेकांना चिकटून एक अवाढव्य, चपटं, वेडंवाकडं भजं झालं. पोरांनी त्याला श्रीलंका नाव ठेवलं. काय चुकलं?

झारेकरी

दादा, घरची कढई लहान, तेल कमी. भसकन पीठ गेलं की तेल गार पडतं. गार तेलात कण फुलायच्या आधी एकमेकांना लागतात आणि मग सुटत नाहीत. तेल चांगलं तापू द्या, पीठ थोडं थोडं टाका, आणि हात खाली नेऊ नका. वरून पडला की थेंब फुटून पसरतो. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा बरंच सैल हवं, बोटावरून सलग धार न पडता तुटक थेंब पडले पाहिजेत. त्यात पाणी जास्त असतं, ते वाफ होऊन सुटतं, म्हणून कण आतून पोकळ राहतो आणि दाताखाली मोडतो. चमचाभर तांदळाचं पीठ घातलंत तर कुरकुरीतपणा टिकेल. अंगावर तेल उडेल, पोरांना लांब ठेवा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर झाकणाला घाम सुटतो.

सोडा घालायचा तर किंचित. जास्त झाला तर तेल पितो.

डोंबोलीकर

डब्याला घाम! तेच तर. म्हणूनच बोगदा.

नौपाड्याची नलू

परवा एका चकचकीत दुकानात गेले होते. नाव सांगत नाही. वडापाव छोट्याशा लाकडी पाटावर आला, शेजारी इवलीशी वाटी, तिच्यात मोजून चमचाभर चुरा. अजून द्या म्हटलं तर पोरगा म्हणतो, मॅडम, एक्स्ट्राचं बिल लागेल. आयुष्यात पहिल्यांदा चुऱ्याची पावती बघितली, वर जीएसटीसकट. ती जपून ठेवली आहे, ताम्रपटवाल्या दादांना संशोधनाला हवी असेल तर देईन.

ताम्रपटातला माणूस

द्याच ताई. दान मोडणाऱ्याला शाप असतो असं मी वर लिहिलंय. चुरा फुकट देणं हे दानच होतं. त्या दुकानाने मोडलं. शिलालेखांत अशांसाठी गाढवाचा शाप कोरलेला असतो, चित्रासकट. अगदी दुकानाच्या दारात उभा करण्यासारखा.

ऐरोलीची अग्निपंख

गधेगाळ! तो शापाचा दगड एक तरी ठाण्याच्या प्रत्येक नाक्यावर हवा.

झारेकरी, तुमच्याकडे नुसता चुरा मिळतो का हो? वडा नको, पाव नको, कागदात नुसता चुरा आणि वर लाल चटणी.

झारेकरी

ताई, नुसता देत नाही. वडिलांचा नियम आहे, सोबत एक तरी वडा घ्यावाच लागतो. नाहीतर लोक चुरा घेऊन जातात आणि परातीत वडे तसेच राहतात.

तलावपाळीचा टवाळ

म्हणजे गिऱ्हाईक येतं चुऱ्यासाठी, आणि वडा गळ्यात मारावा लागतो. मास्तर, लिहून घेताय ना?

खडूस मास्तर

घेतोय. अग्निपंख ताई, तुम्हाला तो वडा नकोच असेल तर इकडे द्या.